वोंद्राच्या व्लास्तानं धरलेला डूख

टेबर फोर्कच्या शाळेत कितीतरी वर्षं गृहविज्ञान शिकवणाऱ्या वोंद्राबाईंचं नाव निघालं, की गावातल्या वयस्क बायका आजही नकळत आपल्या ओट्याकडे एक नजर टाकून घेतात. बाई कडक होत्या असं सगळे म्हणतात. घातलेली शिवण उसवायला लावायच्या, पुन्हा घालायला लावायच्या आणि पुन्हा उसवायला लावायच्या. पण नुसता कडकपणा असता तर लोक विसरले असते. बाईंच्या बघण्यातच काहीतरी होतं. ते कुठून आलं हे ज्यांना माहीत आहे ती माणसं त्याबद्दल सहसा बोलत नाहीत, कारण त्यातली बरीचशी त्या संध्याकाळी शाळेच्या दालनात हजर होती आणि हसली होती.

तेव्हा वोंद्राबाई नुसती व्लास्ता होती, पंधरा-सोळा वर्षांची असेल. वोंद्रांचं शेत गावाबाहेर, ओढ्याच्या वळणावर. मका आणि डुकरं. घरात मायदेशाची चेक भाषाच बोलत. बाप एमिल बाजारापुरतं इंग्रजी बोलायचा, आणि आई आल्बिना चर्चमध्ये 'गुड मॉर्निंग' म्हणण्यापुरतं. शाळेत गृहविज्ञान शिकवायला विटकमबाई होत्या. औषधांच्या दुकानदाराची बायको. केस कधी विस्कटलेले नाहीत, कपड्याला कधी चुणी नाही. त्या काळी नियमच होता, की या विषयाच्या बाईंनी वर्षातून एकदा प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन यायचं, घर कसं चाललंय ते बघायचं.

विटकमबाई गुरुवारी येणार असं ठरलं होतं. आल्या मंगळवारी. आणि मंगळवारी वोंद्रांकडे डुक्कर कापलं होतं.

ज्यांच्या घरी हे होतं त्यांना सांगायला नको. त्या दिवशी सगळं घर त्या एकाच कामाला जुंपलेलं असतं. जेवणाच्या टेबलावर खरवडून पांढरंशुभ्र केलेलं डोकं, परातीत काळीज, चुलीवर उकळतं पाणी, आणि धाकटी पोरं बाह्या सरसावून आतडी उलटी करून धुतायत. मग डोक्याचं मांस, काळीज, शिजवलेले जव, लसूण आणि मरवा असं सगळं एकत्र करून त्या आतड्यांत भरायचं. त्याला चेक लोक यितर्नित्से म्हणतात, आणि आल्बिनाच्या हातच्या यितर्नित्सेला ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे तोड नव्हती. दारात बाई बघून आल्बिना जराही गडबडली नाही. पाहुणा अशा दिवशी यावा यासारखं भाग्य नाही, असंच तिच्या माहेरी मानत. तिनं हात धुतले, खुर्ची पुसून दिली, कॉफी ओतली, कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, पुढे केले. बाईंनी हातमोजे काढले नाहीत. कॉफीचा एक घोट घेतला, सगळीकडे बघितलं, छान छान म्हणाल्या. निघताना आल्बिनानं ताज्या यितर्नित्सेची एक अख्खी माळ कागदात बांधून त्यांच्या हातात दिली.

"तुझ्या बाईंना आपलं घर आवडलं बरं का," ती दिवसभर व्लास्ताला सांगत होती.

वसंतात शाळेत मायलेकींचं जेवण असायचं. व्लास्तानं वर्गात आईसाठी निळा पोशाख शिवला होता. तो घालून आल्बिना पहिल्यांदाच त्या दालनात आली आणि मागच्या एका टेबलाशी ताठ बसली. जेवण झाल्यावर विटकमबाई बोलायला उभ्या राहिल्या. विषय होता घराचा दर्जा. आपल्याच भागातलं एक घर मी यंदा पाहिलं, त्या म्हणाल्या, नाव सांगणार नाही. तिथे जेवणाच्या टेबलावर मानाच्या जागी एक डुक्कर बसलं होतं. आणि खरं सांगते, त्या घरात नीट आंघोळ झालेलं तेवढं एकच कोणी दिसत होतं.

दालनात हशा फुटला. वखारवाल्या स्ट्राउडची बायको डेल्फिन पुढच्याच टेबलावर होती. तिचा नवरा शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष. ती इतकी हसली की तिला रुमालानं डोळे पुसावे लागले. काहीजणी मागे वळून बघत होत्या. नाव सांगायची गरजच नव्हती. आल्बिनाला एवढं भरभर इंग्रजी समजत नव्हतं. सगळ्या हसतायत म्हणून तीही हसली, मोकळेपणानं, पाहुणीला शोभेल तसं. बाईंनी मग भेट मिळालेल्या माळेचं सांगितलं, आणि आमच्या कुत्र्यानं ती हुंगून कशी सोडून दिली ते सांगितलं. त्यातला 'माळ' हा शब्द आल्बिनाला कळला. 'कुत्रा'ही कळला. ती हसायची थांबली, पण चेहऱ्यावरचं हसू उतरायला थोडा वेळ लागला, आणि तेवढा वेळ व्लास्ता आपल्या ताटाकडे बघत राहिली. तिनं खुर्चीही जराशी बाजूला ओढली होती. त्याबद्दल तिनं पुढे कुणालाच क्षमा केली नाही, स्वतःलाही नाही.

घरी जाताना ट्रकमध्ये आल्बिना एवढंच म्हणाली, "आवडलं नव्हतं तर परत पाठवायचं होतं. तुझ्या भावांनी खाल्लं असतं."

त्यानंतर तिनं शाळेची पायरी चढली नाही. पोरांचे शाळा संपल्याचे समारंभ झाले, नाटकं झाली, चर्चची जेवणं झाली. आल्बिनाचं आपलं डोकं दुखायचं. निळा पोशाख तिनं फाडून त्याच्या चिंध्या गोधडीत घातल्या. गोठा, कोठार, स्वयंपाकघर एवढंच तिचं जग उरलं. तेवढं मात्र तिचं होतं.

दुसरी एखादी पोर असती तर तिनं तो विषय सोडला असता, टंकलेखन घेतलं असतं. व्लास्तानं दर वर्षी गृहविज्ञानच घेतलं. साप डूख धरतो म्हणतात, तसा तिनं धरला होता, पण तोंडावर मध. बाईंचा फळा ती पुसायची, कात्र्यांना धार लावून आणायची, शाळा सुटल्यावर थांबून काचा पुसायची. बाई म्हणायच्या, अशी विद्यार्थिनी मिळायला नशीब लागतं. व्लास्ता मान खाली घालून 'थँक यू' म्हणायची, आणि मनात घोकायची : तुझी खुर्ची, तुझा वर्ग, तुझ्या खिडक्या, तुझी कपाटं. एक दिवस सगळं माझं, आणि तू बाहेर.

शाळा संपली आणि ती राज्याच्या राजधानीत, लिंकनला, विद्यापीठात गेली. गृहविज्ञानाची शिक्षिका व्हायचं म्हणजे काय काय शिकावं लागतं याची गावात कुणाला कल्पना नव्हती. स्वयंपाक आणि शिवण, एवढंच लोक धरून चालले होते. तिथे रसायनशास्त्र होतं. कापडाचा एकेक धागा जाळून त्याच्या वासावरून आणि राखेवरून ते कुठलं कापड ते ओळखायचं होतं. मुलं कशी वाढतात, कर्ज कसं चढतं, दुकानदार जाहिरातीत कुठे फसवतो, आजाऱ्याला काय भरवावं, वर्गापुढे उभं कसं राहावं, पाठ कसा आखावा, हे सगळं होतं. बाकीच्या मुली नवरा मिळेपर्यंत शिकत होत्या. व्लास्ता सुरी पाजळावी तशी शिकत होती. पोषणाचा पेपर असो की पडद्यांची मापं, प्रत्येक गोष्ट शिकताना ती मनात विटकमबाईंना समोर उभी करायची आणि विचारायची, हे तुम्हाला येतं?

शेवटच्या वर्षी काही आठवडे मुलींना विद्यापीठाच्याच एका घरात राहून ते घर चालवावं लागे. आज एक स्वयंपाकीण, दुसरी यजमानीण, तिसरी झाडलोट करणारी. उद्या पाळी बदलायची. वर देखरेखीला ओडेगार्डबाई. नॉर्वेजियन, उंच, कमी बोलणाऱ्या. व्लास्ताची पावाची पाळी होती तेव्हा त्या दारात उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या.

"व्लास्ता, कणीक तिंबतेयस की कुणाला तरी?"

व्लास्ताचा हात थांबला. "कणीकच, बाई."

"मग तिनं तुझं काय बिघडवलंय?"

ओडेगार्डबाई आत आल्या, त्यांनी गोळा हातात घेऊन पाहिला आणि पुन्हा परातीत ठेवला. "रागानं तिंबलेला पाव फुगतो चांगला," त्या म्हणाल्या. "पण रोज रोज करशील तर मनगटं जातील तुझी." त्यापुढे त्या कधी त्या विषयावर बोलल्या नाहीत. मात्र शिकवण्याच्या सरावासाठी कुठल्या शाळेत जायचं हे ठरवायची वेळ आली आणि व्लास्तानं टेबर फोर्कचं नाव दिलं, तेव्हा त्यांनी तिला बोलावून घेतलं. आपल्याच गावच्या शाळेत सहसा कुणाला पाठवत नाहीत, त्या म्हणाल्या. तिथे तू बाई नसतेस, अमक्याची पोर असतेस. व्लास्ता म्हणाली, मला तेच हवंय. ओडेगार्डबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि सही केली.

परत आली ती पायात उंच टाचांचे बूट, अंगात स्वतः शिवलेला करडा सूट. विटकमबाईंनी तिला वर्गापुढे उभं करून खांद्यावर हात ठेवला आणि मुलींना सांगितलं, ही बघा, मी घडवलेली मुलगी. व्लास्ताला वाटलं होतं, बाई तिला बघून जरा तरी चपापतील. काहीच नाही. वोंद्रा हे नाव त्यांच्या तोंडात कुठल्याही नावासारखं होतं. एकदा तर त्यांनी सहज विचारलं, आई कशी आहे, आम्ही कधी भेटलोय का? ज्या गोष्टीवर हिनं आपलं सगळं तरुणपण जाळलं, ती त्या बाईच्या लक्षातही नव्हती. व्लास्ताच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे दुखवण्याइतकंही महत्त्व तिनं आपल्याला दिलं नव्हतं.

पण पहिल्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट व्लास्ताच्या ध्यानात आली. बाई सुईत दोरा ओवत नव्हत्या. मुलींना ओवायला सांगत. मुलींच्या शिवणी डोळ्यांनी न बघता बोटं फिरवून तपासत. पाठ वाचून दाखवताना पान उलटायला विसरत, कारण वाचत नव्हत्याच, पाठ म्हणत होत्या. कपाटातला प्रत्येक डबा ठरलेल्या जागी लागे, आणि तो कुणी बोटभर जरी सरकवला तरी त्या चिडत. विटकमबाईंची नजर गेली होती. सावल्या दिसत असतील, रंग दिसत असतील, तेवढंच. आणि त्या ते सगळ्यांपासून लपवत होत्या.

व्लास्तानं हे कुणाला सांगितलं नाही. ती वाट बघत राहिली.

एप्रिलमध्ये राज्याच्या शिक्षणखात्यातून तपासणीसबाई यायच्या होत्या. त्या दिवशी विटकमबाई दर वर्षी वर्गापुढे पांढरा केक करून दाखवत. मंडळातल्या लोकांच्या बायकाही येऊन बसत. सकाळी सगळी मांडामांड व्लास्ताकडेच होती. तिनं ओटा पुसला, भांडी मांडली, आणि साखरेचा डबा जिथे असायचा तिथे मिठाचा ठेवला, मिठाच्या जागी साखरेचा. डबे सारखेच, अॅल्युमिनियमचे. फक्त अक्षरं वेगळी, ठळक, काळी, मागच्या रांगेतूनही वाचता येतील अशी.

बाईंनी लोणी फेटायला घेतलं. बोलत बोलत हात लांब केला, डबा ओढला, झाकण काढलं, आणि वाटी भरून मीठ लोण्यावर ओतलं. पुढच्या रांगेतली एक मुलगी खुदकन हसली. मग दुसरी. बायकांनाही वाटलं, बाई काहीतरी गंमत करून दाखवतायत. त्याही हसू लागल्या. आणि विटकमबाई, लोक कशाला हसतायत ते न कळून, त्याही हसल्या. आपण मघाशी काहीतरी चांगलं बोललो असू असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी दुसरी वाटी भरली.

ती दुसरी वाटी पडली आणि हसणं हळूहळू विझलं. डेल्फिन स्ट्राउडनं शेजारणीचा हात धरला. तपासणीसबाई उठून ओट्याजवळ गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मिसेस विटकम, तुमच्या हातातल्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवता का मला?"

बाईंनी डबा चेहऱ्याजवळ नेला. मग खाली ठेवला. त्यावर बोटं फिरवली. अक्षरं रंगवलेली होती, बोटांना लागण्यासारखी नव्हती.

व्लास्ता खिडकीपाशी उभी राहून हे बघत होती. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी थांबली होती तो आला होता, आणि तिला तो अगदी गोड लागला. खोटं कशाला सांगायचं.

सगळे गेल्यावर विटकमबाई तिथेच स्टुलावर बसून होत्या. व्लास्ता भांडी घासायला लागली.

"डबे तू हलवलेस," बाई म्हणाल्या.

"हो."

"का?"

व्लास्तानं नळ बंद केला आणि सगळं सांगितलं. मंगळवार, डोकं, कोलाचे, माळ, कुत्रा. आई कशी हसली ते. बाई मान वाकडी करून ऐकत होत्या.

"तुमचं घर होतं होय ते?" त्या म्हणाल्या. "मी तर दर वर्षी कुठल्या ना कुठल्या घराचं सांगायची. लोक हसले की धडा लक्षात राहतो." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुझी आई आली होती त्या दिवशी?"

"मागच्या टेबलावर."

बाई उठल्या, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "बरंच शिकलीस की माझ्याकडून."

हे वाक्य व्लास्ताच्या जिव्हारी लागलं. पण तिनं ते तसंच आत ढकललं आणि उरलेली भांडी घासली. त्या महिन्यात विटकमबाईंनी राजीनामा दिला. डब्यांची गोष्ट त्या कुणाकडे बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर व्लास्ताचं तिथेच संपलं असतं. त्या का बोलल्या नाहीत हे व्लास्ताला कधीच कळलं नाही, आणि विचारायला ती कधी गेली नाही. मंडळापुढे दुसरा अर्जच नव्हता. ऑगस्टमध्ये खुर्ची, वर्ग, खिडक्या, कपाटं, सगळं तिचं झालं.

त्याच दिवशी तिनं घरी येऊन आईला पहिल्यांदा सगळं सांगितलं. आल्बिना शेंगा सोलत होती.

"लोक हसले?" तिनं विचारलं.

"हसले."

"बराच वेळ?"

"नाही. थोडाच वेळ."

आल्बिनानं एक शेंग सोलली, दुसरी सोलली. "माझ्या वेळी बराच वेळ हसले होते," ती म्हणाली.

बस, एवढंच. पण व्लास्ताला त्यातून उमगलं, की हिशेब एका बाईशी नव्हताच. विनोद एकीनं केला, पण हसलं सगळं दालन. आणि त्या हसणाऱ्यांच्या मुली आता एकेक करून तिच्या वर्गात येऊन बसत होत्या.

थंडी पडली आणि वोंद्राबाईंनी वर्गात अर्धं डुक्कर आणलं. डोकं वेगळं, काळीज वेगळं, आतडी बादलीत. मांसाची साठवण हा पाठ अभ्यासक्रमात होताच. तो कसा शिकवायचा हे शिक्षिकेवर सोडलेलं होतं. मुली दाराशीच थबकल्या. त्यांनी पांढरे अॅप्रन घातले होते. जॅनीन स्ट्राउड, डेल्फिनची थोरली, तिच्या वाट्याला बाईंनी मुद्दाम आतडी दिली. उलटी करायची, खरवडायची, मिठानं चोळायची, पाणी निवळ निघेपर्यंत धुवायची. जॅनीन एकदा बाहेर पळत जाऊन ओकून आली. बाईंनी तिला पाणी प्यायला दिलं आणि पुन्हा बादलीपाशी उभं केलं.

दुसऱ्या दिवशी डेल्फिन स्ट्राउड शाळेत हजर. टोपी, हातमोजे, अत्तर.

"माझी मुलगी काही खाटकाकडे कामाला जाणार नाहीये, मिस वोंद्रा."

"नाही, पण संसार तर करणार आहे ना?" व्लास्ता म्हणाली. "आणि तुम्ही खात्याकडे चौकशी करून बघा, मिसेस स्ट्राउड, त्यांच्या पुस्तकात हा पाठ आहे. हवं तर मी पान दाखवते."

"वास येतो तिच्या अंगाला."

"आंघोळ घाला," व्लास्ता म्हणाली. "घरात तेवढी तरी एक नीट आंघोळ झालेली दिसू दे."

डेल्फिनचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तिला आठवलं होतं. ती निघून गेली. घरभेटीही व्लास्तानं सुरू ठेवल्या, आणि त्या सोमवारी करायची, कपडे धुण्याच्या दिवशी, जेव्हा कुणाचंच घर बघण्यासारखं नसतं. आत यायची, बसायची, सगळीकडे सावकाश नजर फिरवायची, कॉफी पूर्ण प्यायची, आभार मानून निघायची. नंतर कुठेही एक अक्षर बोलायची नाही. पण वसंतातल्या जेवणाला वोंद्राबाई बोलायला उभ्या राहिल्या, की पुढच्या टेबलांवरच्या बायका हातातला कप खाली ठेवून ताठ बसत. त्या बोलायच्या डाग काढण्यावर, गाद्यांच्या किमतींवर, आणि बसायच्या. बायका सुस्कारा टाकत. व्लास्ता तो सुस्कारा मोजून घ्यायची.

असं चाललं असतं तर ठीकच होतं. पण सूडाची गंमत अशी, की तो आपल्या कह्यात राहत नाही. झालं काय, की मुलींना ते काम आवडायला लागलं. पहिल्या वर्षी ओकलेली जॅनीन दुसऱ्या वर्षी आतडी अशी सफाईनं फिरवायला लागली की बघत राहावं. वर्गात गाणी, थट्टा, लसणाचा वास. मुली तयार यितर्नित्से घरी नेऊ लागल्या आणि घरी ते मिटक्या मारत खाल्लं जाऊ लागलं. वखारवाल्या स्ट्राउडनं तर दुकानात सगळ्यांना सांगितलं, की आपण असलं सॉसेज आजवर खाल्लं नव्हतं. मग डेल्फिनच्याच डोक्यात आलं, की नोव्हेंबरात शाळेच्या दालनात सगळ्या गावासाठी यितर्नित्सेचं जेवण ठेवायचं. ती व्लास्ताकडे आली, या खेपेला हसत. "तुमच्या आईंना बोलवू या," ती म्हणाली. "मुख्य टेबलावर बसवू. अखेर हे त्यांचंच ना."

व्लास्ता हरखली. तेच दालन, त्याच बायका, आणि मधोमध आई. याहून मोठा विजय कुठला? ती गाडी पळवत शेतावर गेली. आल्बिना स्वयंपाकघरात मरवा चुरत होती. डेल्फिननं विचारण्याआधीच किराणा दुकानात लावून टाकलेली जाहिरात तिनं पाहिली होती. धाकट्या मुलानं वाचून दाखवली होती.

व्लास्तानं मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. आल्बिनानं हात झटकले.

"तू शिकवलंस त्यांना?"

"हो. आधी रडल्या, आई. ओकल्या. त्या डेल्फिनची पोर तर..."

"आणि आता?"

"आता आवडतं त्यांना."

"म्हणजे ज्या मला हसल्या, त्यांच्या घरी आता हे होतं." आल्बिना टेबलाशी बसली. "ते हसले तेव्हा मी म्हटलं, हसू देत. त्यांना येत नाही, त्यांना कळत नाही, हे माझं आहे. शाळा त्यांची, चर्च त्यांचं, भाषा त्यांची. माझं एवढंच होतं, व्लास्ता. आणि तू ते नेऊन त्यांना वाटलंस."

व्लास्ता म्हणाली, तुझ्यासाठीच केलं. आल्बिना म्हणाली, मला विचारलं होतंस? आणि उठून पुन्हा मरवा चुरायला लागली. व्लास्ता कोठाराच्या पायरीवर बसून राहिली. इतकी वर्षं तिनं आईच्या नावानं दात-ओठ खाल्ले होते, आणि आईला काय हवं हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. विटकमबाईही न विचारताच मंगळवारी आल्या होत्या. हा विचार मनात आला तशी ती ताडकन उठली.

सोमवारी तिनं वर्गात जाहीर केलं, यंदा मांसाचा पाठ होणार नाही. जेवणासाठी यितर्नित्से होणार नाही. मुली हिरमुसल्या. दुपारी डेल्फिन आली, गावभर जाहिराती लागल्यात म्हणाली, शेजारच्या गावांतून लोक येणार आहेत, झालं तरी काय?

"माझ्या आईची मर्जी नाही," व्लास्ता म्हणाली.

"मग मीच त्यांच्याशी बोलते. मोठ्या माणसाला मान दिला की..."

"जा की," व्लास्ता म्हणाली. "रस्ता माहीत आहे ना?"

डेल्फिनला तो विचारत विचारत शोधावा लागला. आदल्या दिवशीच बर्फ वितळून वोंद्रांच्या अंगणात नुसता रेंदा झाला होता. व्लास्ता आधीच येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. डेल्फिन गाडीतून उतरली आणि तिचे नवे बूट घोट्यापर्यंत रुतले. आल्बिना डुकरांच्या वाड्यापाशी होती, हातात बादली. ती जागची हलली नाही. डेल्फिनला तिच्यापर्यंत चालत जावं लागलं.

डेल्फिन बरंच बोलली. तुमचा हात किती चांगला, तुमची मुलगी किती गुणी, गावाला तुमचा किती आदर. आल्बिनानं सगळं ऐकून घेतलं. मग शब्द जुळवत, एकेक उचलून ठेवावा तसं, ती म्हणाली, "तुम्ही हसला होता."

"कधी, मिसेस वोंद्रा?"

"तुम्हाला माहीत आहे."

डेल्फिननं इकडे तिकडे पाहिलं. "अहो, ते किती जुनं झालं. आणि मी काय एकटी? सगळेच हसले होते."

"हो," आल्बिना म्हणाली. "सगळे. म्हणून कुणालाच नाही मिळणार."

आणि बादली उचलून ती वाड्यात शिरली. डुकरं ओरडत तिच्या पायांत आली. डेल्फिन थोडा वेळ तिथे उभी राहिली, मग एकेक पाय उपसत गाडीकडे निघाली. अर्ध्या वाटेत तिचा एक बूट चिखलातच राहिला. तो काढायला ती वाकली तेव्हा वाड्यातून आवाज आला. आल्बिना हसत होती. जोरात नाही, पण बराच वेळ.

जेवण ठरल्या दिवशी झालंच. डब्यातलं हॅम आणि उकडलेले बटाटे. लांबून आलेल्या लोकांनी तोंडं वाकडी केली, डेल्फिन सगळ्यांची समजूत घालत टेबलांमधून फिरत राहिली. हॅम खारट होतं, बटाटे थंड. वोंद्राबाईंनी दोनदा वाढून घेतलं.